गिला-सुका

डिसेंबरात कूलर तपासायचा तर आधी मे महिना तयार करावा लागतो. बाहेर आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले, कामगार स्वेटर घालून पाळीवर आलेले, आणि तपासणीच्या बंद खोलीत हीटर लावून हवा ४३ अंशांवर नेऊन ठेवायची, तीही कोरडी. कूलर विकला जातो मार्च ते मे, पण बनायला लागतो पाऊस संपल्यापासून. खरं ऊन पडेपर्यंत थांबलात तर माल दुकानात पोचलेला असतो. माझी नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत अशाच खोल्या आणि पेट्या सांभाळण्यात गेली. पेटी म्हणजे चेंबर. लोखंडी कपाटाएवढी, जाड दाराची, दाराला काचेची खिडकी. तिच्यात जैसलमेरची दुपार करता येते, रत्नागिरीचा श्रावण करता येतो, लेहची रात्र करता येते. मोटर, मीटर, स्विच, जे काही असेल ते आत ठेवायचं आणि बघायचं किती तग धरतं.

नव्या पोरांना वाटतं हे काम कॉम्प्युटरबरोबर आलं. पेटीवरचा डिजिटल आकडा बघून तसं वाटणारच. पण नागपुरात हवा बनवण्याचं काम शंभराहून जास्त वर्षं चाललं आहे, आणि त्याची सुरुवात विजेच्या कुठल्या वस्तूपासून झालेली नाही. ती झाली सुतापासून.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, १५ लाखांच्या भांडवलावर. गिरणीसाठी जागा घेतली जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. भराव घालता घालता पैसा जात होता, तेव्हा एका स्थानिक सावकारानं कर्ज द्यायला नकार दिला म्हणतात: हा माणूस चिखलात सोनं पुरून राहिला. पुढं त्याच सावकारानं कबूल केलं की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं. ही गोष्ट नागपुरात प्रत्येकाला आपापल्या तिखटमिठासह ठाऊक आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं ज्या दिवशी जाहीर झालं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि नाव पडलं एम्प्रेस. कारभार बघायला बेझनजी मेहता, रेल्वेतून आलेले. यंत्रं बघायला जेम्स ब्रुक्सबी, लँकेशायरचे.

जागेची निवड हिशेबी होती. मुंबईत बसून गिरणी चालवायची तर कापूस वऱ्हाडातून न्यावा लागे आणि कापड पुन्हा देशभर पाठवावं लागे. इथं कापूस दारात होता, कोळसा वरोऱ्याला निघत होता, रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात पोचली होती. सगळं जुळत होतं. जुळत नव्हती ती हवा.

कापसाचा तंतू हवेतला ओलावा पितो आणि हवा कोरडी झाली की तो परत सोडतो. व्यापारात कापसाच्या कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरायची रीत आहे, म्हणजे क्विंटलभर कोरड्या कापसामागं साडेआठ किलो पाणीच. हा ओलावा असेपर्यंत तंतू लवचिक राहतो. कापसाची एक गंमत अशी की ओला झाला की तो जास्त ताकदवान होतो. लोकर किंवा रेशमाचं उलटं. आता नागपूरच्या मे महिन्यातली दुपार घ्या. सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. अशा हवेत तंतू ठिसूळ होतो, घर्षणानं त्यावर स्थिर वीज साठते, तंतू एकमेकांना ढकलतात, पेळूतून नीट निघत नाहीत, कापसाची भुसकट सगळ्या खात्यात उडते, आणि रिंगवर धागा तुटायला लागतो. एक धागा सांधेपर्यंत शेजारचे दोन तुटलेले. वर सुताचं वजन कमी भरतं ते वेगळंच, आणि सूत विकलं जातं वजनावर.

लँकेशायरला हा प्रश्न असा कधी पडला नव्हता. तिथं वर्षभर भुरभुर पाऊस, हवा कायम ओलसर. ब्रुक्सबींनी आयुष्यभर ज्या हवेत सूत काढलेलं, ती हवा त्यांना जुम्मा तलावाच्या काठी फुकट मिळणार नव्हती.

इथल्या कोष्ट्यांना मात्र हे गणित आधीपासून ठाऊक होतं. नागपूर, उमरेड भागातला जुना माग खड्ड्यातला. विणकर जमिनीत पाय सोडून बसतो, ताणा जमिनीला लागून पसरलेला, खोली अंधारी, भुई शेणानं सारवलेली आणि जरा दमट. बाहेरून आलेल्या साहेबाला ती गरिबीची खोली वाटायची. गरिबी होतीच, पण त्या खोलीत सुतासाठी केलेली हवासुद्धा होती. खड्ड्यातला ओलावा ताण्याला मिळायचा, आणि ताण्याला खळ देऊन पांजणी केलेली असायची ती वेगळी.

गिरणीला खड्डा परवडत नाही. हजारो चात्या एका छपराखाली, वाफेच्या इंजिनाची उष्णता, वर नागपूरचं ऊन. तेव्हा हवा यंत्रानं ओली करायची ठरली. टाटांच्या इतिहासात नोंद आहे की आर्द्रता वाढवणारी यंत्रं, म्हणजे ह्युमिडिफायर, आणि आगीवरचे आपोआप सुटणारे फवारे भारतात पहिल्यांदा एम्प्रेस मिलमध्ये बसले. दोन्ही गोष्टी जोडीनं याव्यात यात नवल नाही. कोरड्या हवेत उडणाऱ्या भुसकटीला ठिणगी पुरते, आणि सुरुवातीच्या काळात या गिरणीनं आग पाहिली होती. नागपूरकर एम्प्रेसचं कौतुक करतो ते कामगारांच्या पेन्शन फंडासाठी, भव्य चिमणीसाठी. मला विचाराल तर तिथली खरी नवलाई छताला लागलेले ते धुकं सोडणारे नळ होते. उकळत्या नागपुरात चार भिंतींच्या आत मँचेस्टर तयार झालं होतं.

आमचे वडील शहरातल्याच एका गिरणीत रिंग खात्यात होते. खात्यातल्या खांबावर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी लावलेले असत. एकाची पाऱ्याची गोटी उघडी. दुसरीवर मलमलीची वात गुंडाळलेली, वातीचं टोक पाण्याच्या कुपीत. वातीतलं पाणी उडतं, उडताना गोटी गार करतं, म्हणून दुसरा काटा नेहमी खाली. दोघांतलं अंतर जितकं जास्त तितकी हवा कोरडी. तक्त्यात बघून आर्द्रतेचा टक्का काढायचा. साहेब लोक त्याला हायग्रोमीटर म्हणत, वडील म्हणत ‘गिला-सुका’. घरी जेवताना आई विचारायची, ‘‘आज कसं होतं वो?’’ तर हे सांगायचे, ‘‘गिला-सुका बारानं फरक. धागा तुटून तुटून राहिला.’’ आमच्या घरात हवामान असं सुताच्या भाषेत सांगितलं जायचं.

फरक कमी झाला की सूत खूश. माणूस नाही. घाम वाळण्यावर माणसाचं शरीर थंड राहतं, आणि ओल्या हवेत घाम वाळत नाही. सुताला जी हवा मानवते तीच माणसाला जाचते. लँकेशायरमध्ये गिरणीमालकांनी निसर्गाच्या ओलाव्यावर समाधान न मानता विणकाम खात्यात वाफ सोडायला सुरुवात केली, त्यावरून कामगारांनी आंदोलनं केली, आणि १८८९ च्या कायद्यानं किती तापमानाला किती ओलावा चालेल याचा तक्ताच ठरवून दिला. आपल्याकडच्या १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये कलम १५ होतं, सगळं कलम कृत्रिम आर्द्रतेवर. त्यात आणखी एक बारीक अट होती: हवेत सोडायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्यायोग्य असावं, नाहीतर नीट शुद्ध केलेलं असावं. कामगाराच्या छातीत जाणाऱ्या धुक्यात गटाराचं पाणी नको, एवढं लिहून ठेवावं लागलं, म्हणजे कधीतरी कुठंतरी ते वापरलं गेलं असणार.

ओलाव्यावरून आठवलं म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, आणि कारण दिलं जायचं ते थुंकीचं. धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून काढायचं, त्यामुळं बाटतं म्हणे. पगार जास्त तो विणकामात. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. छतातून टनावारी पाणी फवारणाऱ्या कारखान्यात थेंबभर ओलाव्यावरून माणसांची खाती वेगळी झाली होती.

जगात एअर कंडिशनिंगचा जन्मही माणसाच्या सुखासाठी झालेला नाही. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात कागद दमट हवेनं फुगायचा, रंगावर रंग बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरियरनं यंत्र रचलं. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमरनं वापरात आणला, तोही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांसाठी. आधी कागद, आधी सूत; माणसाचा नंबर पुष्कळ मागून.

एकदा हवा बनवता यायला लागली की तिचा दुसरा उपयोग सुचतोच: माल मोजायला. हाही सुताचाच धडा. एकच लडी सकाळी ताणून तोडली तर एक ताकद दाखवते, दुपारी दुसरी. पावसाळ्यात चढी, उन्हाळ्यात उतरती. मग खरेदीदार आणि गिरणी यांच्यात भांडण ठरलेलं. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनं १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्र-प्रयोगशाळा काढली, आज तिला सिरकॉट म्हणतात. तिची एक शाखा नागपुरात अमरावती रस्त्यावर जिनिंगचं प्रशिक्षण देते. अशा प्रयोगशाळांत एक खोली असते जिथं बारमाही एकच ऋतू असतो. थंड देशांत त्या ऋतूचं तापमान २० अंश धरलं गेलं, आपण २७ धरलं, आणि आर्द्रता ६५ टक्के. सूत आधी त्या खोलीत आणून ठेवायचं, तासन्‌तास नुसतं पडू द्यायचं, त्या हवेशी त्याचं जमलं की मग तोडायचं. नागपुरात मे महिन्यात बाहेरून त्या खोलीत शिरलं की चार पावलांत ऋतू बदलतो. अंगाला कळतं, सुताला अर्ध्या दिवसानं कळतं.

इथवर खोलीचं काम मालाला बरं वाटावं एवढंच होतं. मुद्दाम त्रास द्यायची खोली पुढं आली, आणि ती आणली युद्धानं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात आणि न्यू गिनीत ब्रिटिश-अमेरिकन फौजांचे वायरलेस, दुर्बिणी, तारांची वेटोळी बुरशीनं आणि दमटपणानं निकामी झाली. सामान थंड देशात बनलेलं, तिथल्या हवेत उत्तम चाललेलं. मग ‘ट्रॉपिकल’ करून घेतलेलं सामान हा वेगळा प्रकार झाला आणि ते पारखायला कृत्रिम जंगल लागायला लागलं. अमेरिकन सैन्याचं मिल-एसटीडी-८१० हे मानक १९६२ चं. आपल्या संरक्षण खात्याचं जेएसएस ५५५५५, आणि साध्या विजेच्या सामानासाठी आयएस ९०००. चेंबरवाल्याच्या टेबलावर या पुस्तकांची पानं चहाच्या डागांसकट असतात.

यातली मला सगळ्यात आवडणारी चाचणी दमट उष्णतेच्या चक्राची. चोवीस तासांचं एक चक्र. पेटी २५ अंशांवर, आर्द्रता ९५ च्या घरात. तिथून तीन तासांत तापमान ५५ वर चढवायचं. हवा झपाट्यानं तापते, आतली मोटर जड लोखंडाची, ती मागं राहते. हवेपेक्षा मोटर गार, म्हणून तिच्यावर दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरावं तसं. म्हणजे मोटर भिजते ती हवा तापत असताना. खिडकीच्या काचेवरून आतला वायपर फिरवला की थेंब ओघळताना दिसतात. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून मेगर लावायचा. गुंडाळीच्या तारा आणि बाहेरचं लोखंडी अंग यांच्यातला रोध कालपर्यंत शेकडो मेगओहम, आज काटा दोन-चारवर लटपटतोय. बनवणाऱ्याचा चेहरा तेव्हा बघावा. ‘‘काऊन बे, कालच तर चांगली होती!’’

पेटीत आर्द्रता मोजायला तोच गिला-सुका होता. इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले ते मागून. आमच्या जुन्या पेटीच्या बाजूला गोल कागदाचा तक्ता फिरायचा, लाल शाईची लेखणी सुक्याची, हिरवी गिल्याची. सगळा डोलारा एका मलमलीच्या वातीवर. वात जुनी झाली, पाण्यातले क्षार बसून कडक झाली की तिच्यातून पाणी नीट चढत नाही, गोटी पुरती गार होत नाही, आणि यंत्राला वाटतं हवा भरपूर ओली आहे. प्रत्यक्षात ती कोरडी असते. मग सगळा माल पास. म्हणून वात बदलायची तारीख मी दारामागं खडूनं लिहीत असे, आणि कुपीत डिस्टिल्ड पाण्याशिवाय दुसरं पाणी घालू देत नसे. आमच्याकडं नळाला कन्हानचं पाणी, बोअरला त्याहून जड. लाखो रुपयांच्या पेटीला वातीवाचून आंधळेपण येतं हे कारखान्याच्या हिशेबनिसाला पटवता पटवता माझे केस पिकले.

मिठाच्या धुक्याची पेटी वेगळी. पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश, फवारा रात्रंदिवस. ही अमेरिकन चाचणी १९३९ पासूनची, आणि जगात बहुधा सगळ्यात जास्त वापरली जाणारी. नागपुराहून जवळचा समुद्रसुद्धा पाचशे किलोमीटरहून दूर आहे, तरी इथं कारखान्याच्या कोपऱ्यात हा समुद्र चोवीस तास चालू असतो, कारण माल अलिबागलाही जातो. या चाचणीवर माझा फारसा विश्वास नाही. खऱ्या किनाऱ्यावर पत्रा ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो. गंज त्या वाळण्या-भिजण्यात वाढतो. पेटीत तो नुसता भिजत पडतो. जस्ताचा पत्रा इथं लवकर हरतो आणि घराच्या छपरावर मात्र वर्षानुवर्षं टिकतो. तरी ग्राहकाला कागदावर तासांचा आकडा लागतो, म्हणून चाचणी चालू आहे.

घाईनं म्हातारं करण्याची सगळ्यात धीट चाचणी नागपुरातच एका दुसऱ्या क्षेत्रात होते. सेमिनरी हिल्सवर पेसोचं मुख्यालय आहे, जुन्या लोकांसाठी एक्स्प्लोझिव्ह खातं. स्थापना ५ सप्टेंबर १८९८ ची. देशातल्या स्फोटकांना, पेट्रोलच्या टाक्यांना, सिलिंडरना परवानगी इथून. त्यांचं चाचणी केंद्र गोंडखैरीला. नायट्रो जातीच्या स्फोटकांसाठी फ्रेडरिक एबेल या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावाची एक जुनी चाचणी आहे. १८७१ मध्ये इंग्लंडात स्टोमार्केटचा गनकॉटनचा कारखाना उडाला, त्यानंतर अशा तपासण्यांची गरज सगळ्यांना पटली. चिमूटभर नमुना काचनळीत घ्यायचा, सत्तरेक अंशांच्या पाण्यात ठेवायचा, वर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेली कागदाची पट्टी लटकवायची. स्फोटक बिघडायला लागलं असेल तर त्यातून आम्ल वायू निघतो आणि पट्टीवर एक फिकट तपकिरी रेघ उमटते. घड्याळ लावून बघायचं, रेघ किती मिनिटांनी आली. कोठारात पुढची कित्येक वर्षं हा माल शांत राहील का, हे त्या मिनिटांवरून ठरवायचं. कोठार विदर्भात असेल तर प्रश्न जास्तच खरा.

मिनिटांवरून वर्षं सांगायचा आधार एका स्वीडिश माणसाचा. स्वांते आऱ्हेनियसनं १८८९ मध्ये दाखवलं की तापमान चढलं की रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो. कारखान्यात त्याचं ढोबळ रूप चालतं: दहा अंश वाढवले की वेग दुप्पट, म्हणजे आयुष्य निम्मं. वॉर्निश, रबर, प्लॅस्टिक सगळ्यांना हाच फूटपट्टीचा नियम लावतात. ढोबळ म्हणून ठीक आहे. पण नियम धरून पेटी फार तापवली तर वस्तू अशा कारणानं मरते की ज्यानं ती घरी कधीच मेली नसती. प्लॅस्टिकचा डबा १२० अंशांना वितळला, यातून तो ४५ अंशांना किती वर्षं टिकेल हे कळत नाही.

आणि वस्तू घरी एकेका संकटानं मरत नाहीत. नागपूरचं वर्ष बघा. मार्चपासून कोरडी आग, पारा ४५ च्या पुढं, काही वर्षी ४७ च्याही वर. मेच्या शेवटी नवतपा. मोटरच्या गुंडाळीवरचं वॉर्निश या दिवसांत सुकून त्याला केसासारखे तडे जातात. तडे दिसत नाहीत, मेगरही काही बोलत नाही, कारण हवा कोरडी. मग मृग लागतो, जूनच्या मध्यावर पाऊस येतो, आणि चार दिवसांत तीच हवा ९० टक्क्यांवर. ओलावा त्या तड्यांतून आत जातो. मोटर जळते पावसाच्या पहिल्या आठवड्यात, तिला मारलेलं असतं मेनं. मानकं लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहे. त्यांनी क्रम दिला आहे, आधी कोरडी उष्णता, मग दमट, मग थंडी, मग उरलेलं दमट चक्र, आणि सगळं एकाच नगावर. कारखान्यात वेळ वाचवायला तीन पेट्यांत तीन नवे नग एकदम घालतात. तिन्ही पास होतात. तिन्ही अहवाल खरे असतात.

मोजणारं यंत्रही याच उन्हात उभं असतं हे लोक विसरतात. ३० मे २०२४ ला नागपूरचं तापमान ५६ अंश झाल्याची बातमी देशभर फिरली. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतात हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे, आकडा तिथला. सोनेगावच्या स्वयंचलित केंद्रानं ५४ दाखवले. त्याच दुपारी वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्थेतल्या आणि रामटेकच्या केंद्रावर ४४. हवामान खात्यानं तपासून सांगितलं की त्या दोन ठिकाणचे सेन्सर बिघडले होते. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले, सगळे हसत होते. मी म्हटलं, आपल्याकडं हा सेन्सर आला असता तर दमट चक्रातूनच परत पाठवला असता. ते नुसतं बोलणं. कुठल्या पेटीनं रामदासपेठेची जमीन करून दाखवली असती कोण जाणे.

परत कूलरकडं येतो, कारण नागपुरात या सगळ्या विद्येचं शेवटचं टोक तोच आहे. कूलर म्हणजे माणसासाठी केलेला गिला-सुका. ओल्या ताटीतून हवा ओढली की ती ओल्या काट्याच्या दिशेनं उतरते, त्याच्या खाली कधीच जात नाही. आयएस ३३१५ मध्ये कूलरची कसोटी याच अंतरावर आहे. बाहेर सुका ४३, गिला २३, अंतर २० अंशांचं. कूलरनं २८ ची हवा दिली तर वीसपैकी पंधरा कापले, म्हणजे ७५ टक्के. हीच मोजणी वडील खांबाजवळ उभं राहून करायचे, सुतासाठी.

साहेबांच्या बंगल्यात वाळ्याचे तट्टे होतेच. दारात टांगायचे, भिश्ती पाणी मारायचा. हातानं फिरवायच्या पंख्याचं आणि वाळ्याचं एक पेटारं होतं, त्याला थर्मॅन्टिडोट असं दणदणीत नाव होतं. गिरणी कामगाराच्या टिनाच्या खोलीत ओलं गोणपाट. आमच्या घरी कूलर आला तो वडील निवृत्त होत आले तेव्हा, तोही दुसऱ्याचा वापरलेला, इतवारीतल्या पत्रेवाल्याकडून तळ बदलून घेतलेला. सुताला मिळालेली हवा आमच्या खाटेपर्यंत यायला तीन पिढ्या लागल्या. वडिलांना त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. पहिल्या रात्री म्हणाले, ‘‘ढोबळ आहे. आमच्या खात्यात याहून बारीक तुषार पडायचे.’’

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली, २००२ मध्ये बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे, आत एसी आहे. शहराचा खरा हवा-उद्योग इतवारी, गांधीबागेतल्या आणि वस्त्यावस्त्यांतल्या पत्रेवाल्यांच्या हातात आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिबेट मारायचे, तळाला डांबर, आत पंप आणि पंखा, तीन बाजूंना वुडवूलच्या ताट्या. कुठलं मानक नाही, पेटी नाही. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा झटका लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, महावितरण अर्थिंग तपासा म्हणून पत्रकं काढतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. माझ्या सगळ्या चाचण्यांतली एकच चाचणी सक्तीची करा म्हणाल तर मी दमट चक्रानंतरचा मेगर सांगेन. पाच मिनिटांचं काम आहे, पाना-पक्कड वापरणाऱ्या कुणालाही शिकवता येतं.

ते शिकवायला मी निवृत्तीनंतर ओळखीच्या एका पत्रेवाल्याकडं गेलो होतो. मेगर दाखवला, पंपाला लावून काटा दाखवला, हवा कोरडी असताना आकडा का फसवतो तेही सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, मेगरची किंमत विचारली. मग आतून एक लांबट वही आणली. गिऱ्हाईकाचं नाव, मोहल्ला, कूलर कधी नेला, पंप कोणत्या कंपनीचा, परत कधी आला, काय जळलं. वीसेक वर्षांच्या नोंदी, तेलकट बोटांच्या ठशांसकट.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘तुमी एका नगाला पेटीत ठेवत होते. माह्या पेटीत पूर्ण नागपूर आहे. जूनच्या पयल्या पावसानंतर या, लाइन लागते. कोन्त्या कंपनीचा पंप आणायचा नाही, ते मी तवाच लिहून घेतो.’’

मी वही चाळली. एका पंपाचं नाव जून-जुलैच्या पानांवर पुन्हा पुन्हा दिसत होतं. त्यानं तो आणणं कधीच बंद केलं होतं. मेगर मात्र ठेवून घेतला, म्हणाला, ‘‘किस्तीनं देतो, चालंल ना?’’